ग्रीक सरांचा शब्द

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा संचालकांनी विचारलं, "मॅडम, कधीपासून येता?"

"उद्यापासून येते," मी म्हणाले.

कोपऱ्यात एक उंच, वाळलेले गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, "कशावरून?"

मला वाटलं, माझ्या नेमणुकीला यांचा विरोध आहे. मी नांदेडची, नुकतीच एम.एस्सी. झालेली, मुसलमानाची पोरगी, एकटी परगावी नोकरीला आलेली. असल्या प्रश्नांची सवय होती. मी जरा ताठूनच म्हणाले, "कशावरून म्हणजे? मला ऑर्डर मिळाली आहे."

ते उलट खूश झाले. "ऑर्डर मिळाली, ते झालं. ते मी विचारलं नाही. उद्या मिळालाय का, ते विचारतोय."

संचालक हसले. "मॅडम, हे आपले इंग्रजीचे सर. मनावर घेऊ नका. मलाही रोज विचारतात."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या तोंडून मी जो शब्द सतत ऐकला, त्याचा अर्थ मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मी सुरुवात करते आणि मध्येच अडते. म्हणून सरांबद्दलच सांगते.

क्लास एका डाळमिलच्या गोदामावर होता. खाली तुरीची डाळ भरडली जायची आणि वर मुलं भरडली जायची, असं सर म्हणत. मधल्या भिंती प्लायवूडच्या. माझ्या वर्गात मी सेंद्रिय रसायन शिकवत असले की पलीकडून सरांचं इंग्रजी ऐकू यायचं. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच व्हायला लागलं होतं. धर्माबाद, देगलूर, उदगीर, कुठून कुठून मुलं ट्रंका घेऊन एसटीने उतरायची, आणि प्रत्येक पालक संचालकांना एकच विचारायचा, "सर, पोराचं होईल ना मेडिकलला?" संचालक म्हणायचे, "हमखास." शेजारी सर बसलेले असले तर पालकांची नजर त्यांच्याकडे वळायची आणि सर म्हणायचे, "मला माहीत नाही. मुलगा अभ्यास करतोय, एवढं दिसतं."

"सर," संचालक नंतर त्यांना हात जोडून म्हणायचे, "आपण इथं भविष्यकाळच विकून राहिलो ना? तुम्ही दुकानात बसून मालाला नावं ठेवता."

"इंग्रजीत भविष्यकाळ नाहीच," सर गंभीरपणे म्हणायचे. "क्रियापदाला तसं रूपच नाही. 'विल' लावून वेळ मारून नेतात."

आणि हे ते वर्गातही सांगायचे. मुलं गोंधळून जायची. बोर्डाच्या पेपरात तर भविष्यकाळावर प्रश्न असायचा. एकदा एका मुलाने घाबरत विचारलं, "सर, मग परीक्षेत काय लिहू?" सर म्हणाले, "परीक्षेत विल लिही. आयुष्यात लिहू नकोस."

सर मूळचे मुरुडचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. सर तरुणपणी चर्चमध्ये पाळक व्हायचं म्हणून पुण्याला शिकायला गेले, तिथं ग्रीक शिकले आणि पाळक न होताच परत आले. का, असं विचारलं की म्हणायचे, "एका शब्दावर अडलो." मग एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर ते या क्लासच्या गर्दीत येऊन पडले. लग्न केलं नव्हतं. लग्नात 'जन्मभर' म्हणावं लागतं म्हणून केलं नाही, असं मुलं म्हणायची. खरं-खोटं मला माहीत नाही. भाजी एका वेळेपुरती आणायचे. घरात कॅलेंडर नव्हतं. एसटीने मुरुडला जाताना बहिणीला निरोप कधी द्यायचे नाहीत. दारात जाऊन उभे राहायचे आणि ती भांडायची.

तो ग्रीक शब्द होता अलाझोनेया. त्यावरूनच सगळे त्यांना ग्रीक सर म्हणायचे.

बायबलच्या नव्या करारात तो अगदी थोड्या ठिकाणी येतो, असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात चहा पिताना सांगितलं. एका जुन्या पत्रात लिहिणारा व्यापारी लोकांना झापतो. तुम्ही म्हणता आज नाहीतर उद्या अमक्या गावाला जाऊ, तिथं वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू. आणि तुम्हाला उद्याचं तर काहीच ठाऊक नाही. त्या तसल्या बोलण्याला तो हा शब्द वापरतो.

"म्हणजे गर्व," मी म्हणाले.

"नाही!" कपबशी हिंदकळली. "सगळे हेच म्हणतात. गर्वाला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे. तो दुसऱ्याकडे वरून बघणारा. हा माणूस वरून बघत नाही हो. हा आपल्याकडे जे नाही ते आहे म्हणून सांगतो. मूळ शब्द फिरस्त्या वैदूचा. गावोगाव जाऊन सांगणार, माझ्या बाटलीत सगळ्यावर औषध आहे. बाटलीत पाणी."

"मग फुशारकी? बढाई?"

"जवळ येतं. पण बढाई तोंडाने मारतात. हे गप्प बसूनही करता येतं." मग एकदम पुढे वाकून, "तुमच्याकडे घरात काय म्हणतात?"

नांदेडला वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या सुट्टीत मी त्यांना विचारून आले. गुरूर, घमंड, तकब्बुर, शेखी. सरांनी एकेक शब्द जिभेवर ठेवून पाहिला आणि शेखीवर थांबले. "शेखी बरी आहे. पण पुरत नाही." आणि मग विचारलं, "पुढचा युनिट कधी संपवताय?"

"शनिवारपर्यंत. इन्शाअल्लाह," मी सवयीने म्हणाले.

सर उठून उभे राहिले. "हेच! अगदी हेच! त्या पत्रात पुढच्याच ओळीला हे सांगितलंय. प्रभूची इच्छा असेल तर, असं म्हणा. आणि तुम्ही लोक रोज म्हणता!" ते इतके आनंदले होते की मला खरं सांगावंसं वाटेना. पण सांगितलं. म्हटलं, "सर, आमच्याकडे एखादं काम करायचं नसलं तरी इन्शाअल्लाहच म्हणतात. शिंपी म्हणाला की समजायचं, ईदेला कपडे मिळत नाहीत."

सर खाली बसले. दोन-तीन दिवस त्याच विचारात होते. मग मला जिन्यात गाठून म्हणाले, "म्हणजे इन्शाअल्लाह न म्हणताही माणूस त्या अलाझोनेयात सापडतो, आणि ते टाळायचं औषध घेऊनही सापडतो. मॅडम, तुम्ही माझी पंचाईत केली."

सरांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर शारदा नावाची मुलगी बसायची. किल्लारीकडच्या एका गावची, शेतकऱ्याची पोर. लातुरात मावशीकडे राहून शिकत होती. सरांशी उलट बोलायची हिंमत फक्त तिच्यात होती, आणि सरांना ती त्यामुळेच आवडायची. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी प्लायवूडच्या पलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"सर, मी गावाला चालले इसर्जनाला. लगीच माघारी येईन."

"कशावरून?"

"एसटी हाय ना सर सकाळची. रोजच असती."

वर्ग हसला.

"तरीही. 'येईन' म्हणू नकोस. 'यायचा विचार आहे' म्हण."

"विचार कशाला सर? येणारच!"

सरांनी फळ्यावर काहीतरी लिहिल्याचा खडूचा आवाज आला. "हे बघा, मी इतके दिवस सांगत होतो तो शब्द. आज जिवंत उदाहरण मिळालं. अलाझोनेया." वर्ग पुन्हा हसला, आणि तीसुद्धा. मधल्या सुट्टीत मी पाहिलं, ती मैत्रिणींना तो शब्द म्हणून दाखवत होती, सरांसारखी मान वर करून.

विसर्जन झालं आणि पहाटे सगळं हललं. लातुरात आमच्या गल्लीत भिंतींना तडे गेले, माणसं रस्त्यावर आली, एवढंच. उजाडल्यावर किल्लारीकडची बातमी यायला लागली, तिकडे गावंच्या गावं पडली होती. क्लास बंद होता तरी सर आले होते. गोदामाच्या पायऱ्यांवर बसून एसटी स्टँडच्या बाजूला बघत होते.

शारदा गेल्याचं तिच्या मावशीकडून कळायला काही दिवस लागले. क्लास पुन्हा सुरू झाला. सर शिकवताना तिसऱ्या बाकाजवळ यायचे आणि वाक्य अर्धवट सोडायचे. एक दिवस मला म्हणाले, "तिच्या घरी जायला पाहिजे. माझ्याबरोबर याल? मला एकट्याला बायकांशी बोलता येणार नाही."

आम्ही गेलो तेव्हा गाव म्हणून काही उरलं नव्हतं. रानात पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या केल्या होत्या. शारदाचा बाप त्या रात्री शेतावर झोपला होता म्हणून वाचला. आईला ढिगाऱ्यातून ओढून काढलं होतं. ती शेडमध्ये जात नव्हती. बाहेर एका बाभळीखाली गोधडीवर बसून होती, आणि कुणी हात धरून छपराकडे न्यायला लागलं की ओरडायची.

शेडच्या पुढे मोकळ्या जागेत घोंगड्यांचं वाटप चाललं होतं. मुंबईहून आलेले एक धर्मोपदेशक, सरांच्याच पंथातले, कर्ण्यावरून बोलत होते. माणसाला गर्व झाला, माणूस देवाला विसरला, म्हणून धरणी हलली, असं काहीतरी. माणसं घोंगडीसाठी रांगेत उभी राहून ऐकत होती. सर रांग ओलांडून सरळ त्यांच्यापुढे गेले.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"धरणी का हलली ते. तुम्हाला कसं माहीत?"

"शास्त्रात आहे."

"शास्त्रात या गावाचं नाव नाही. तुम्हाला माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगताय, आणि कर्ण्यावरून. ह्यालाच एक शब्द आहे..."

मी त्यांची बाही ओढून बाजूला आणलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इतक्या वर्षांनी शब्द अगदी चपखल बसला होता. तसेच आम्ही बाभळीखाली गेलो. मी शारदाच्या आईजवळ बसले. सरांनी आपण कोण ते सांगितलं. तिने मान वर केली आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुमीच का ते, उद्या म्हनू देत न्हाईत ते?"

"हो."

"पोरगी सांगत हुती. आल्या-आल्या सांगितलं तिनं. सर म्हनले येईन म्हनू नगंस." ती थांबली. "सर, तुमाला ठावं हुतं का?"

सरांना आधी प्रश्न कळलाच नाही. मला कळला.

"तुमाला ठावं हुतं तर तिला जाऊ का दिलं?"

"नाही हो, बाई," सर म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं. मी सगळ्यांनाच तसं म्हणतो."

"समद्यास्नी म्हंता," ती म्हणाली, "आन् झालं ते आमचंच."

आजूबाजूला माणसं जमली होती. परतताना एक म्हातारा आमच्या मागून पार रस्त्यापर्यंत आला आणि त्याने हळूच विचारलं, "मास्तर, परत येनार हाय का वो?"

तिथून ते पसरलं. लातुरात एका मास्तरांना भूकंप आधीच कळला होता, त्यांनी पोरीला जाऊ नको म्हणून बजावलं होतं. त्या काळात अफवांना काही कमी नव्हतं; आज होणार, अमावास्येला होणार, असं रोज कोणीतरी सांगायचं आणि माणसं गाद्या घेऊन मैदानात जायची. आता ती क्लासच्या जिन्यात यायला लागली. एका डाळमिलच्या मालकांनी तर सरांना न्यायला गाडी पाठवली.

"सर, पुढचा कधी?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे येणार आहे?"

"तेही माहीत नाही."

"मग येणार नाही, असं म्हणा की."

"ते कसं म्हणू?"

माणूस खाली उतरून रस्त्यावर सांगायचा, ग्रीक सर नाही म्हणायला तयार नाहीत. दुपारपर्यंत गंजगोलाईच्या बाजारात पोचायचं की ग्रीक सरांनी सांगितलं, येणार. पालक ट्रंका उचलून मुलांना घरी न्यायला लागले. संचालक वाईट माणूस नव्हते. ते सरांपुढे अक्षरशः रडकुंडीला आले. "सर, फक्त म्हणा, काही होणार नाही. तुमचं काय जातंय? माझा क्लास बुडून राहिलाय."

"मी ते म्हणू शकत नाही."

"मग थोडे दिवस येऊ नका," संचालक म्हणाले.

सर घरी बसले. मी अधूनमधून जायचे. टेबलावर जुने कोश उघडे असायचे, आणि सर त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी बसलेले. एकदा म्हणाले, "मॅडम, तो शब्द तिला लागू नव्हता. मी चुकीचा लावला."

"सर, ते तुम्ही गमतीने..."

"ऐका. जे आपल्याकडे नाही ते आहे म्हणणं. तिच्याकडे काय नव्हतं? एसटी होती. घर होतं. आई होती, यायचं मन होतं. तिने असलेलंच सांगितलं. दावा मी केला, त्या शब्दाचा अर्थ मला कळतो असा." मग जरा वेळाने, "पण मग उद्याचं काय? तो तर तिच्याकडे नव्हताच. म्हणजे लागू होतो. होतो का?" ते माझ्याकडे उत्तरासाठी बघत होते. मी रसायनशास्त्राची.

थंडी पडली. शारदाचा बाप एक दिवस सरांचं घर शोधत आला. मी तिथेच होते. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

"सर, ती भाईरच हाय अजून. खोकला लई वाढलाय. डाक्टर म्हंतोय, आत न्या, न्हाईतर ही थंडी काढत न्हाई. आमचं कुनाचं ऐकत न्हाई ती. तुमचं ऐकंल."

"माझं का?"

"तुमाला कळतंय असं तिचं मन घेतंय. तुमी निसतं सांगा, आता हलत न्हाई म्हनून. मग जाईल ती आत."

सर म्हणाले, "मला कळत नाही हो. खरंच कळत नाही."

"ते माला ठावं हाय," तो म्हणाला. "तिला न्हाई ना ठावं."

आम्ही त्याच्याबरोबर एसटीने गेलो. बाभळीखाली ती गोधडी पांघरून बसली होती. चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले. भरदुपार असूनही रानातला वारा झोंबत होता. सर तिच्यासमोर मातीतच मांडी घालून बसले.

"बाई, आत चला."

"पडंल."

"नाही पडणार."

"पुना हाललं तर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे. मग त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचा आवाज इतका शांत झाला की मला तो ओळखू येईना. "नाही हलणार. मला माहीत आहे."

"पक्कं?"

"पक्कं. मला कळतं त्यातलं. आता इथं काही होणार नाही. तुम्ही बिनघोर झोपा."

ती बराच वेळ त्यांचं तोंड न्याहाळत होती. मग तिने हात पुढे केला. मी आणि तिच्या नवऱ्याने तिला उठवलं. शेडच्या दारात ती थबकली, तिने वर पत्र्याकडे बघितलं, आणि ती आत गेली. कांबळ्यावर आडवी झाली आणि पाहता पाहता तिला झोप लागली. बाप दाराशी उकिडवा बसून तोंडात पंच्याचा बोळा धरून रडला.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. "सर, आज जे झालं ते त्या शब्दात बसतं का?"

"बसतं," ते म्हणाले. "पूर्ण बसतं. बाटली, पाणी, सगळं." काही वेळाने म्हणाले, "पण ती झोपली, मॅडम." पुढे लातूर येईपर्यंत दोन्ही वाक्यं ते आळीपाळीने पुटपुटत होते.

आणि संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा हललं. फार नाही, भांडी वाजली, लोक रस्त्यावर धावले. मी धावत सरांच्या घरी गेले. ते पायात चपला न घालता स्टँडवर निघाले होते. चेहरा पांढराफटक. "ती आत आहे," एवढंच म्हणत होते. "मी तिला आत घातलंय." तिकडची एसटी सुटत नव्हती, ड्रायव्हर तयार नव्हते. सर फलाटावर ह्या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहिले. मी त्यांना बसवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

दुपारी पहिली गाडी तिकडून आली आणि तिच्यातून शारदाचा बाप उतरला. आम्हाला बघून तोच धावत आला.

"सर, तेच सांगाया आलो. काय झालं न्हाई. समदे भाईर पळाले, म्या बी पळालो. तिला हाका मारल्या तर आली न्हाई. चुलीम्होरं भाकरी थापीत बसली हुती. म्हनली, सरांनी सांगितलंय, हलत न्हाई."

"अहो, पण हललं ना?" सर म्हणाले. "तिला कळलं नाही का हललेलं?"

"कळलं की. तव्यावरची भाकर सरकली, तिनं फिरून नीट ठिवली."

फलाटावर धक्काबुक्की चालली होती, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. सरांना काहीतरी विचारायचं होतं, पण त्यांना शब्द सापडत नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "करपली नाही ना?"

"न्हाई सर. म्या खाल्ली की ती. खाऊनच निघालो."

सरांनी मान हलवली. मग बराच वेळ ते तशीच मान हलवत राहिले, आणि ते हो म्हणत होते की नाही म्हणत होते, मला ओळखता येईना.